मोजून दोनशे चौदा शब्द

"सर, ह्या गोलातनं भाईर कसं पडायचं?"

जालिंदर खिलारेने तिसऱ्या फेरीला जीपमधून डोके बाहेर काढून मला विचारले. गोल मी आखला होता. हिंगणवाडीच्या शाळेमागच्या माळावर मधोमध खुंटी ठोकली, बारा मीटरची दोरी बांधली आणि तिच्या टोकाने फक्की टाकत पूर्ण वर्तुळ काढले. आत येणारे चार रस्ते, प्रत्येकाच्या तोंडाशी थांबण्याची रेषा, एका बाजूला झेब्रा क्रॉसिंग. आमच्या तीन तालुक्यांत मिळून एकही राऊंडअबाऊट नव्हता. जी वस्तू डोळ्यांनी पाहिलेली नाही तिचे नाव पाठ करून घेणे माझ्या शिस्तीत बसत नव्हते.

"आधी काय करतो आहेस ते इंग्रजीत सांग, मग बाहेर पड," मी ओरडलो.

"आय अॅम इन द राऊंडअबाऊट."

"ते गावाला दिसते आहे. पुढे?"

"पुढं म्या कायमचा हितंच ऱ्हातोय, सर. रेशनकार्ड बदलून घ्या."

कडेला बसलेली मंडळी खदाखदा हसली. जालिंदर चौथ्या फेरीला लागला.

ही २००६ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तंत्रनिकेतनात वाहन अभियांत्रिकीचा अधिव्याख्याता म्हणून एकतीस वर्षे काढून दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालो होतो. गावात मला सगळे चौगुले सर म्हणत. इंजिनाचा कोणताही भाग मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकत असे. मात्र वाहन चालवायला मी कधीच शिकलो नाही. घाईचे काम, कोठेतरी धडकायचे, म्हणून राहून गेले. त्यामुळे तालुक्याला जायचे तर मी नेहमी जालिंदरच्याच वडापने जात असे, आणि जालिंदरला माझी ही उणीव पुरेपूर माहीत होती.

"सर म्हंजे पव्हायचं पुस्तक लिवनारा मानूस," तो जीपभर माणसांना सांगायचा. "पान्याची समदी म्हाईती. पाय तेवडा वला झाला न्हाई."

वडाप म्हणजे फाट्याफाट्यावर माणसे भरत जाणारी जीप. ज्याने या जीपचा प्रवास केला आहे त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. पहिली अशी की चालक स्वतःच्या आसनावर अर्धाच बसतो, कारण उरलेल्या अर्ध्यावर उतारू असतो. दुसरी अशी की या वाहनाला थांबा नसतो. रस्त्याच्या कडेला कोणीही हात वर केला की जीप थांबते. हात केलेला माणूस सोडून पुढे जाणे हे वडापवाल्याच्या लेखी दारात आलेल्याला हाकलण्यासारखे असते. लग्न असो, मयत असो, हात दिसला की पाय ब्रेकवर.

जालिंदरची जीप पंधरा वर्षांची झाली होती आणि मार्चअखेर ती रस्त्यावरून उतरणार हे ठरलेले होते. दुसरी घेण्याची ऐपत नव्हती. दीड एकर जिराईत, दोन मुली शिकत्या, आणि हाताला येणारे काम एकच. अशात मिरजेच्या एका दलालाकडून कळले की आखाती देशातल्या एका कंपनीला बसचालक हवे आहेत. कंपनीचे साहेब मिरजेला येऊन चाचणी घेणार. चाचणीची रीत चमत्कारिक होती. उमेदवाराने बस चालवता चालवता समोर जे दिसते आणि आपण जे करतो आहोत ते सर्व इंग्रजीत मोठ्याने बोलत राहायचे.

"गाडी चालवायचं सांगितलं तर आंधळ्या रातीत चालवतो," जालिंदर माझ्या घराच्या पुढच्या सोप्यावर बसून म्हणाला होता. "पन बोलायचं म्हनल्यावर ब्रेक कुटला आन क्लच कुटला, पाय इसरतोय. मला त्येवढी इंग्लिश घाला, सर."

मी कामाला लागलो. रस्ता व वाहनचालन या विषयाची नऊ गटांत विभागणी केली : रस्त्याचे भाग, खुणा व फलक, वाहनाचे बाहेरील भाग, चालकासमोरील भाग, हालचाली, अडथळे, प्रवासी, हवामान आणि संकीर्ण. मोजून दोनशे चौदा शब्द. जुन्या ड्रॉइंग शीटच्या पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येकीवर स्टेन्सिलने शब्द, मागे चित्र. दिवसाला बारा शब्द, रविवारी उजळणी आणि प्रात्यक्षिक.

जालिंदर सराव करायचा तो चालू वडापमध्ये. आठवड्याभरात अख्खी जीप शिकू लागली. धोंडूमावशी नावाची बाजाराला जाणारी म्हातारी मागून ओरडायची, "आरं वव्हरटेक कर की मुडद्या, किती येळ त्या ट्रॅक्टरचा धूर खायचा!" पुढे बसलेले तलाठी भाऊसाहेब आरसा बघून खात्री द्यायचे, "मिरर क्लिअर."

एकदा मीही त्या जीपमध्ये होतो. एक शेळी आडवी आली.

"पेडेस्ट्रियन!" धोंडूमावशी किंचाळली.

"मावशी, पेडेस्ट्रियन म्हणजे रस्त्याने चालत जाणारा माणूस," मी दुरुस्ती केली. "शेळी नव्हे."

"मग शेळी काय उडत चाललिया व्हय?"

जीपमध्ये एवढा गलका झाला की जालिंदरला गाडी कडेला घ्यावी लागली. ती घेताना मात्र तो बोलला, "आय अॅम पुलिंग ओव्हर. रीझन, लाफिंग." मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटले की हा उत्तीर्ण होणार. घरी जाऊन मी अडथळ्यांच्या गटात जनावरांचे उपगट पाडले.

आसनाचा प्रश्न अधिक अवघड निघाला. कंपनीच्या बसमध्ये चालक पूर्ण आसनावर बसतो. जालिंदरला मी मधोमध बसवले की त्याचा तोल जायचा.

"पाव्हन्याच्या घरात गादीवर बसल्यागत वाटतंय, सर. कुनीतरी कवा उठवंल ह्येची वाट बघत."

शेवटी शेजारच्या अर्ध्या जागेवर मी विटा ठेवल्या आणि रोज एकेक काढत गेलो. पंधरा दिवसांत तो मधोमध बसू लागला, आणि उतारूंनी माझ्या नावाने बोटे मोडली.

चाचणीच्या आदल्या दिवशी उमेदवारांना मार्ग दाखवण्यात आला. मिरजेबाहेर एका मैदानातून निघायचे, चार किलोमीटरचा फेरा मारायचा आणि परत. जालिंदरने सांगितल्यावरून मी त्याचा प्रमाणबद्ध नकाशा काढला, वळणांना क्रमांक दिले आणि प्रत्येक क्रमांकाला अपेक्षित वाक्ये लिहिली. नकाशा घडी घालून खिशात ठेवताना जालिंदर जरा घुटमळला.

"सर, एक बोलू? राग मानू नका. तुमी उद्या येऊ नगा."

"का?"

"तुमी दिसला की मला वाटतंय, आता गुन कापत्यात. त्वांड वाळतंय. हितनंच आशीर्वाद द्या."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता मी मिरजेबाहेर माझ्याच नकाशातल्या तिसऱ्या वळणावर, एका बाभळीच्या विरळ सावलीत उभा होतो.

एसटीने आलो होतो. येताना स्वतःला समजावले होते की लांबून पाहायचे, झाडाआड राहायचे, आणि तो परतण्याआधी निघून जायचे. अकरा उमेदवार होते. भाड्याने घेतलेली पांढरी मिनीबस एकेकाला घेऊन माझ्यासमोरून जात होती. चालकाशेजारी कंपनीचे साहेब बसलेले. नाव कुरियन, केरळचे, मांडीवर कागद लावलेली पाटी आणि हातात पेन. पहिले चार उमेदवार जाताना खिडकीतून मला काहीही ऐकू आले नाही, म्हणजे ते काही बोलतच नव्हते. पाचवा बोलत होता, पण हिंदीत, आणि ते देवाचे नाव होते.

सहावा जालिंदर.

मिनीबस वळणावर आली तेव्हा खिडकीतून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "स्पीड थर्टी. रोड इज बेंडिंग लेफ्ट. वन सायकल अहेड. आय अॅम चेकिंग मिरर. आय अॅम गिव्हिंग स्पेस." एकेक वाक्य माझ्या चिठ्ठीवरून उचललेले, शिवाय जिवंत. अर्ध्या आसनावर नव्हे, मधोमध बसलेला. कुरियन साहेबांचे पेन भराभर चालले होते आणि ते मान हलवत होते.

मी बाभळीआडून पुढे आलो आणि माझा उजवा हात वर गेला.

"हँड," जालिंदर म्हणाला. "इंडिकेटर लेफ्ट. आय अॅम स्लोइंग. आय अॅम स्टॉपिंग."

मी शिकवले होते त्या क्रमाने, कणभरही हिसका न देता त्याने मिनीबस थांबवली. दार बरोबर माझ्या नाकासमोर आले.

"बसा, सर. उनात कशाला हुबं ऱ्हायलासा?"

आणि मी बसलो. हे सांगताना आजही कान तापतात. अकरा वर्षे तो थांबला की मी चढत आलो होतो. पायरीवर पाय ठेवला, आत शिरलो, दार ओढून घेतले, आणि पुढे सरकायला जागा आहे का ते पाहिले. बस चालूही झाली. पन्नासेक फूट आम्ही तिघेही काही घडलेच नाही अशा थाटात गेलो.

मग कुरियन साहेब सावकाश वळले.

"हू इज धिस?"

"वन पॅसेंजर," जालिंदरचे निवेदन अखंड चालू होते. "सीनियर सिटिझन."

"डिड आय आस्क यू टु स्टॉप?"

"नो, सर."

"इज देअर अ बस स्टॉप?"

"नो, सर."

"देन व्हाय?"

इथे जालिंदरचा आवाज पहिल्यांदा बसला. काय झाले ते आत्ता त्याच्या ध्यानात येत होते. "हँड, सर," तो म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. दोनशे चौदा शब्दांचा कर्ता मी, सातव्या गटात प्रवाशांविषयीचे एकवीस शब्द मीच घातलेले. माझ्या तोंडून एवढेच निघाले, "फाट्यापर्यंत."

मैदानावर परतल्यावर कुरियन साहेब रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी जालिंदरला बाजूला घेऊन सोप्या इंग्रजीत सांगितले की भाषा चांगली, गाडी त्याहून चांगली. पण त्यांच्या बसमध्ये मागे साठ कामगार असतात आणि रस्त्यावरून ट्रक शंभरच्या वेगाने येतात. तिथे हात दिसला म्हणून थांबणारा चालक त्यांना चालणार नाही. मेमध्ये पुन्हा यावे.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. जालिंदर एकदाच बोलला. "मे म्हंजे मार्चच्या फुडं, न्हवं का, सर?" मी हो म्हणालो. त्याचा अर्थ दोघांनाही कळत होता.

त्याच्या घरी पोहोचलो तेव्हा त्याची बायको कलावती दारातच उभी होती. अंगापिंडाने बारीक, आवाजाने मोठी. नवऱ्याचा चेहरा पाहताच तिने काय ते ओळखले, पण चहाला आत बोलावले.

"काय चुकलं?"

"भलत्या जागी थांबलो," जालिंदर म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"कशापायी?"

"हात दिसला."

"आवो, सरांनी डोस्कं फोडून घेतलं तुमच्यापायी, आन तुमी हात बघून थांबलासा? कुटल्या भवानीनं केलता हात?"

"म्हातारं मानूस व्हतं," जालिंदर म्हणाला. "चुकी माजीच. सवय पडलीया."

बोलण्याची संधी होती ती हीच. एका वाक्याचे काम होते. मी बशीत चहा ओतला. बशी खाली ठेवताना कपावर आपटून खडखडली. कलावतीने बशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग अगदी संथ सुरात म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला पटकी ईल, पटकी. लेकुरवाळ्या मानसाचं वाटुळं केलं. हुईल का न्हाई, सर?"

"होईल," मी म्हणालो आणि उरलेला चहा प्यालो.

मार्चअखेर जीप गेली. जालिंदर कोंबड्यांच्या गाडीवर चालक म्हणून लागला. माल गोव्याला पोहोचवायचा, चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी. घरी आला की अंगणातच अंघोळ केल्याशिवाय कलावती त्याला उंबरा ओलांडू देत नसे. तरी त्या दोन दिवसांत तो माझ्याकडे उजळणीला यायचा. मी एक नवीन गट काढला होता, कोणत्या प्रसंगी थांबायचे नाही. त्या गटातल्या चिठ्ठ्या तो मुकाट्याने वाचायचा. ज्या विषयावर बोलायला हवे होते त्यावर त्याने एक शब्द काढला नाही, आणि मीही नाही. तो मला पूर्वीसारखा चिडवत नसे, ही एक गोष्ट सोडली तर सारे सुरळीत होते.

चाचणीची तारीख कळली. सतरा मे. जालिंदर गोव्याच्या वाटेवर असताना मी त्याच्या घरी गेलो. कलावती सोप्यावर शेंगांचे पोते सोडून बसली होती.

"कलाबाई," मी म्हणालो, "जानेवारीत हात केला होता तो मी."

"ठावं हाय," ती म्हणाली आणि एक शेंग फोडली.

"जालिंदरने सांगितले?"

"त्ये कशाला सांगत्यात. तुमची बशी वाजली तवाच कळलं."

मी जरा हिशेब केला. "म्हणजे ती पटकी..."

"बशी वाजल्यावर दिली. आदी न्हाई." तिने दाणे सुपात टाकले. "मला त्येवढं कळंना, हात का केला. आशीर्वाद दिला म्हनू नका. आशीर्वाद घरातनंबी पोचतोय."

खरे तर चार महिने मी स्वतःला तेच सांगत आलो होतो, की हात आपोआप उठला, आशीर्वादासाठी उठला. तिने तो रस्ता आधीच बंद केला होता. मी भिंतीकडे पाहत म्हणालो, "साहेब लिहून घेत होते. मान हलवत होते. मला वाटले, त्यांनी माझ्याकडेही पाहावे. त्याला शिकवले कोणी ते त्यांना कळावे."

कलावती बराच वेळ शेंगा फोडत राहिली. शिव्या देईल अशी माझी अपेक्षा होती आणि त्यासाठी मी तयार होऊन आलो होतो.

"सतरा तारखंला काय काम हाय तुमास्नी?" तिने विचारले.

"काही नाही."

"मग नऊच्या ठोक्याला हितं यायचं. बियाच्या शेंगा फोडायच्यात. एकट्यानं हुईत न्हाईत."

सतरा मेला पावणेनऊलाच मी तिच्या सोप्यावर हजर झालो. जालिंदर पहाटेच गेला होता. तिने माझ्यासमोर एक भरलेले पोते, एक सूप आणि एक घमेले ठेवले, आणि स्वतः दारात, बाहेर जाण्याच्या वाटेवर बैठक मारली.

मी पद्धतशीर सुरुवात केली. अख्खे दाणे सुपात, फुटके घमेल्यात, टरफले पोत्याच्या डावीकडे. पहिल्या तासात मिनिटाला अकरा शेंगा असा वेग पडला. अंगठ्याऐवजी पाटा वापरला तर वेग दीडपट होईल, पण फुटीचे प्रमाण वाढेल, असे मी तिला समजावून सांगू लागलो.

"सर, बियानं हाय त्ये. त्वांड बंद, हात चालू."

साडेदहाच्या सुमारास बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. मी सहज मान वर केली.

"बसा," ती म्हणाली. मी उठलोही नव्हतो.

बारा वाजले. माझ्या अंगठ्याला फोड आला. तिने भाकरी आणि झुणका पुढे ठेवला, मी जेवलो, पुन्हा पोत्याशी बसलो. आता सहावा उमेदवार गेला असेल, आता आठवा, असे मनात म्हणत होतो. जालिंदर कितवा आहे हे मला या वेळी कोणी सांगितले नव्हते. कलावतीच्या हाताचा वेग माझ्या दुप्पट होता, मात्र एकच्या पुढे तिच्या सुपात फुटके दाणे पडू लागले. मी ते वेचून माझ्या घमेल्यात टाकत गेलो.

पावणेदोनला तिच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. तिने हात पदराला पुसले आणि तो कानाला लावला. पलीकडचे काही मला ऐकू येत नव्हते.

"व्हय," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिली. "जेवलासा का?" पुन्हा ऐकले. "बरं."

फोन खाली ठेवून ती उठली, रांजणाशी गेली, माझ्याकडे पाठ करून तांब्याभर पाणी एका दमात प्याली आणि तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"कलाबाई?" मी विचारले. "काय झाले?"

"पास," ती भिंतीलाच म्हणाली. "पुडच्या म्हयन्यात जायचंय."

मी गुडघ्यावर हात टेकून उठू लागलो. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

"कुटं निगाला?"

"फाट्यावर जातो. एसटीतून उतरेल तेव्हा त्याला भेटावे, अभिनंदन करावे..."

ती वळली. डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीचाच.

"त्ये घरात येऊस्तवर तुमी रस्त्यावर दिसायचं न्हाई," ती म्हणाली. "आन पोतं अजून निम्मं हाय."

मी खाली बसलो आणि पुढची शेंग उचलली.